सस्पेन्स कादंबरीतली सावत्र आई : वीस पानांतच सगळ्यांचा संशय तिच्यावर, काय करू?

अर्धी_वही

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

गेलं दीड वर्ष एक सस्पेन्स कादंबरी लिहितेय, चाळीसेक हजार शब्द झालेत. कथा थोडक्यात अशी : नवराबायकोचा घटस्फोट होतो, मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, ती वडिलांकडे राहते. चार वर्षांनी वडील दुसरं लग्न करतात. आता मुलगी पंधराची आहे आणि एका मंगळवारी संध्याकाळी वडील घरी येतच नाहीत. फोन बंद. दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं तर कळतं की त्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच राजीनामा दिलाय, म्हणजे तीन आठवडे ते रोज सकाळी बॅग घेऊन निघत होते ते कुठे जात होते कोणालाच माहीत नाही. घरात उरतात दोघी, दोन वर्षांपूर्वी आलेली बाई आणि तिच्याशी मोजून मापून बोलणारी मुलगी.

मला गोष्ट ह्या दोघींची लिहायचीय. वडिलांचा शोध हे निमित्त आहे, त्या शोधात ह्या दोघी एकमेकींच्या कोण लागतात हे मला बघायचंय.

अडचण अशी की चार जणांना ड्राफ्ट वाचायला दिला आणि तिघांनी विसाव्या पानाच्या आत सांगितलं, बाईनेच काहीतरी केलंय. मी तसं काहीही लिहिलेलं नाहीये! ती रात्री दोनला उठून नवऱ्याच्या कपाटातले कागद चाळते एवढंच, तेसुद्धा काळजीने. हेच सख्ख्या आईने केलं असतं तर सगळे म्हणाले असते बिचारी झोपत नाहीये.

खरं सांगायचं तर हे मला जरा जास्तच लागलं, कारण मी स्वतः सहा वर्षं सावत्र आई आहे. म्हणूनच लिहायला घेतलं होतं.

तर हा संशय घालवायचा कसा, की घालवायचाच नाही? आणि सख्खी आई जिवंत आहे, दुसऱ्या शहरात आहे, तिचं काय करू तेही कळत नाहीये. सध्या ती फक्त फोनवर येते.

रातकिडा

विषय आवडला, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी हे बघा की तुमच्या वाचकांनी हा संशय तुमच्या पानांवरून घेतलेला नाही, तो ते घरून घेऊन आलेत. ध्रुवाची गोष्ट ऐकत आपण मोठे झालो, सुरुची त्याला बापाच्या मांडीवर बसू देत नाही, ते चित्र डोक्यातून जात नाही. कैकेयीचं तर नावच शिवीसारखं वापरतात. पण वाल्मीकी रामायणात रामाच्या अभिषेकाची बातमी मंथरेने सांगितल्यावर कैकेयी आधी खूश होते, मंथरेला दागिना बक्षीस देते, रामात आणि भरतात मला फरक वाटत नाही म्हणते. हे लोकांच्या लक्षात राहत नाही, वर मागितलेले तेवढे राहतात.

परदेशी गोष्टींतही तेच. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत तिला सावत्र केली. हॅन्सेल आणि ग्रेटेलची पोरांना जंगलात सोडून या म्हणणारी आईसुद्धा आधी सख्खी, १८४० च्या आवृत्तीपासून सावत्र. आईपणाला डाग नको म्हणून सगळं दुसरीच्या गळ्यात घातलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच धक्का बसला होता.

आणि आपला शब्द बघा. सवत म्हणजे सपत्नी, त्यावरूनच सापत्नभाव. म्हणजे शब्दातच एका घरात नांदणाऱ्या दोन बायकांचं वैर धरून चाललंय. घटस्फोट झाला, पहिली तिच्या घरी, दुसरी हिच्या घरी, दोघींची आयुष्यात दोनदा भेट झाली असेल नसेल, ह्या नात्याला आपल्याकडे शब्दच नाहीये, जुनाच शब्द ओढून ताणून बसवलाय.

आता उपाय. सस्पेन्स सिनेमांचा दिग्दर्शक हिचकॉक, त्याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला १९६२ मध्ये मोठी मुलाखत दिली होती, त्यातला टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला प्रसिद्ध आहे. दोघं गप्पा मारतायत आणि अचानक स्फोट झाला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब खाली आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल तर त्याच साध्या गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. तुम्ही सध्या बाईला कपाटाशी उभी करता पण तिच्या हाताला काय लागलं ते सांगत नाही, बरोबर ना? लपवाछपवी लेखिका करतेय आणि वाचक ती पात्राच्या खात्यात टाकतोय. त्यापेक्षा तो कागद वाचकाला दाखवून टाका. बाईला माहीत, वाचकाला माहीत, मुलीला माहीत नाही. मग सकाळी मुलगी दप्तर भरताना विचारते बाबांचा फोन आला का, आणि बाई म्हणते नाही गं अजून, ह्या एका वाक्यावर वाचक श्वास रोखून धरेल. संशय जाईल, ताण राहील.

दोन_घरं

मी लेखक वगैरे नाही, पण तुमच्या त्या मुलीसारखीच वाढले म्हणून लिहितेय. आईवडील वेगळे झाले तेव्हा मी आठची होते आणि बाबांनी लग्न केलं तेव्हा अकराची.

पहिली गोष्ट, तुमची मुलगी बाईला हाक काय मारते? ड्राफ्टमध्ये हे ठरवलंय का? कारण आमच्या घरात सगळ्यात मोठा प्रश्न तोच होता. आई म्हणणं शक्यच नव्हतं, आई होती ना मला. काकू म्हटलं तर ती पाहुणी वाटायची, मावशी म्हणजे आईची बहीण, ते तर आणखीच चुकीचं, नावाने हाक मारायचा धीर नव्हता. मग मी काहीच म्हणत नसे. तीन वर्षं मी तिला हाकच मारली नाही. आणि आपल्या भाषेत हे जमतं हो, अगदी बेमालूम जमतं! तू म्हणायचं की तुम्ही हे ठरत नव्हतं म्हणून मी ते दोन्ही टाळूनच वाक्यं करायचे. "उद्या मीटिंगला येणार का?" "चार्जर मिळेल का?" "दार लावून घ्यायचंय." कुठेही तू नाही, तुम्ही नाही, माणूसच नाही. तिच्या लक्षात आलं असणारच पण ती कधी बोलली नाही. काही सांगायचं असेल तर तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहायचे आणि ती वर बघेपर्यंत थांबायचे.

दुसरी गोष्ट, घटस्फोट झालेल्या घरातलं मूल हे मुळातच डिटेक्टिव्ह असतं. मला कोणी शिकवलं नाही पण दहाव्या वर्षी मला बाबांच्या किल्लीच्या आवाजावरून त्यांचा मूड कळायचा. ह्या घरात काय बोललेलं त्या घरात सांगायचं नाही ह्याच्या याद्या डोक्यात असायच्या. आई सहज विचारायची नवीन सोफा घेतला का गं, आणि मला समजायचं की हा प्रश्न सोफ्याचा नाहीये, पैशांचा आहे, मग मी म्हणायचे लक्ष नाही दिलं. माझं लक्ष सगळीकडे असायचं. तर तुमच्या मुलीला पुरावे सापडायला पोलीस किंवा हॅकर मित्र कशाला हवाय? तिला तीन आठवडे आधीपासून काहीतरी कळलेलं असणार. बाबांच्या बुटांना ऑफिसच्या रस्त्यावर नसते तसली माती, पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली परत येणं. आणि ती बोलली नसणार, कारण न बोलण्याचीच तिला सवय लागलीय. वडील गेल्यावर तिला वाटणार, मी तेव्हाच सांगितलं असतं तर. हा अपराधीपणा ती बाईला दाखवणार नाही, आणि बाईला वाटणार ही माझा राग करतेय.

म्हणजे दोघीही काहीतरी लपवतायत आणि दोघींचं कारण एकच आहे. मला तरी अशी कादंबरी वाचायला आवडेल.

नदीकाठ

दोन_घरं, फार मोकळेपणाने लिहिलंत.

मी कौटुंबिक समुपदेशनात काम करते, त्या अनुभवातून दोन-तीन मुद्दे.

कायद्याची बाजू बहुतेक लेखकांच्या हातून सुटते आणि तुमच्या गोष्टीत तर खरा बॉम्ब तिथेच आहे. सावत्र आईला त्या मुलीवर कायद्याने जवळजवळ काहीच हक्क नसतो. भारतात हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ मध्ये तर स्पष्टच लिहिलंय की नैसर्गिक पालक म्हणून जे आई आणि वडील म्हटलेत त्यात सावत्र आई आणि सावत्र वडील येत नाहीत. इंग्लंडमध्येसुद्धा, १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टप्रमाणे, पालकाशी लग्न केलं म्हणून सावत्र पालकाला मुलाची जबाबदारी आपोआप मिळत नाही, करार करावा लागतो नाहीतर कोर्टात जावं लागतं. तपशील देशागणिक बदलतात, तुमची गोष्ट जिथे घडते तिथला कायदा बघून घ्या.

आता विचार करा. वडील गायब आहेत हे बाहेर कळलं की पहिला प्रश्न येणार, मुलगी कोणाकडे? सख्खी आई हयात आहे, तिचाच दावा पहिला. म्हणजे बाईने पोलिसांत तक्रार नोंदवली की त्याच क्षणी मुलगी घरातून जाण्याचा रस्ता मोकळा झाला. नाही नोंदवली तर नवऱ्याचा शोध लागत नाही आणि उद्या सगळे विचारणार की तक्रारीला चार दिवस का लागले. तिचं प्रत्येक संशयास्पद वागणं ह्या एका भीतीतून येऊ शकतं. शाळेच्या फॉर्मवर सही कोणाची, मुलीला अचानक ॲडमिट करावं लागलं तर संमती कोणाची. फॉर्मवर "मुलाशी नातं" असा एक रकाना असतो. माझ्यासमोर एक बाई तो रकाना भरताना पेन टेकवून इतका वेळ थांबली होती की शाई पसरली. शेवटी तिने लिहिलं "घरची". ते मी विसरलेले नाही.

मुलगी पंधराची ठेवलीत ते उत्तम. त्या वयाच्या मुलाला समज असेल तर त्याची इच्छा कोर्ट विचारात घेऊ शकतं, भारतात १८९० च्या पालक व पाल्य कायद्यापासून ती तरतूद आहे, आणि न्यायाधीश बरेचदा मुलाला चेंबरमध्ये बोलावून एकट्याशी बोलतात. तुमचा शेवटचा मोठा प्रसंग तिथे होऊ शकतो. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि प्रश्न एकच : तुला कोणाकडे राहायचंय.

मानसशास्त्राचं थोडं. पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात, युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना "ॲम्बिग्युअस लॉस" ही कल्पना मांडली. माणूस गेलाय पण गेला असं म्हणता येत नाही, म्हणून रडताही येत नाही आणि सावरताही येत नाही. घटस्फोट झालेल्या घरातलं मूल ह्याची सौम्य आवृत्ती आधीच जगलेलं असतं, आई आहे पण घरात नाही. म्हणजे बेपत्ता वडिलांच्या बाबतीत तुमची मुलगी बाईपेक्षा अनुभवी आहे! घरात कोण कोणाला धीर देणार हे इथे उलटं करता येईल.

आणि दोन वर्षांत दोघींचं जुळलं नाही म्हणून घाबरू नका, ते खरंच आहे. सावत्र कुटुंबांवर आयुष्यभर काम केलेल्या पॅट्रिशिया पेपरनाऊ यांचं म्हणणं की लवकर जुळणाऱ्या घरांनाही चारेक वर्षं लागतात, बऱ्याच घरांना सात किंवा जास्त. त्या आतला आणि बाहेरचा अशी मांडणी करतात, बाप-लेक आतले, नवीन आलेली बाहेरची. तुमच्या कथेत ज्याच्यामुळे आत-बाहेर ठरत होतं तोच नाहीसा झालाय. आता दोघीही बाहेरच्याच.

पाऊलखुणा

सगळे प्रतिसाद वाचले. सगळे सावत्र आईला न्याय मिळवून देतायत, चांगलंच आहे, पण मी तिसऱ्या बाईबद्दल बोलते कारण ती मी आहे. माझा मुलगा त्याच्या वडिलांकडे राहतो.

नदीकाठ यांनी सुचवलेला प्लॉट जबरदस्त आहे पण त्यात सख्खी आई म्हणजे मुलीला ओढून न्यायला येणारी बाई होते. एकीला सोडवायला दुसरीला त्याच पिंजऱ्यात घालू नका, प्लीज. मुलाला वडिलांकडे ठेवलं म्हणजे आईचं प्रेम नव्हतं असं सगळे आधीच धरून चालतात. माझ्या बाबतीत तेव्हा माझी तब्येत आणि नोकरी दोन्ही ठिकाणावर नव्हतं आणि त्याची शाळा, मित्र सगळं तिथेच होतं, म्हणून मी तो निर्णय घेतला, आणि तो घेताना मला काय झालं ते इथे लिहीत नाही.

दर रविवारी फोन असतो. मी त्याला विचारते जेवलास का, तो म्हणतो हो. मागून तिचा आवाज येतो, सॉक्स वाळत घातलेत रे, काढून घे. मला आधी त्या आवाजाचा त्रास व्हायचा. आता एखाद्या रविवारी तो आवाज आला नाही तर मला काळजी वाटते की घरात सगळं बरं आहे ना.

तर तुमच्या कथेत आई फोनवर आहे ना, मग फोनवरूनच तिला कळू दे. त्या घरातून रोज येणारा पुरुषाचा खोकला, टीव्हीचा आवाज, काहीतरी बंद झालंय. मुलगी म्हणते बाबा झोपलेत. आईला खोटं कळतं, ती काही बोलत नाही, पण फोन ठेवून बॅग भरायला घेते. ती येतेय हे वाचकाला माहीत. कशासाठी येतेय ते नाही.

रातकिडा

पाऊलखुणा, तुमचा मुद्दा मान्य आणि मनापासून मान्य. पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. ती कशासाठी येतेय हे वाचकाला कळू दिलं नाही तर पुन्हा तोच घोळ, वाचक मोकळी जागा दिसली की तिथे खलनायिका बसवतो. माझ्या मते प्रवासातलं एक पान आईच्या नजरेतून हवं. ती मुलीला न्यायला येत नाहीये, तिला तेवढं बघायचंय की पोर बरी आहे. आता वाचकाला दोघी निर्दोष आहेत हे माहीत, आणि दोघींना मात्र एकमेकींबद्दल ते माहीत नाही. दारावरची बेल वाजेल तेव्हाचा ताण कुठल्याही खुनापेक्षा जास्त असेल.

पाऊलखुणा

हो, हे चालेल. चालेल काय, असंच करा. मी माझं मागे घेते. फक्त त्या पानावर तिला रडवू नका. मी अशा प्रवासात कधी रडले नाहीये, मी बॅगेची चेन उघडत लावत बसते.

अर्धी_वही

मला काय बोलावं सुचत नाहीये. दीड वर्ष मी एकटीच ह्या कथेशी झगडत होते आणि दोन दिवसांत तुम्ही सगळ्यांनी ती उघडून समोर ठेवलीत.

काल रात्री बसून पहिले तीन चॅप्टर पुन्हा लिहायला घेतले. कपाटातला कागद आता वाचकाला दिसतो, घरावर काढलेल्या दुसऱ्या कर्जाचा आहे, सही नवऱ्याची आणि खाली साक्षीदार म्हणून मुलीच्या आईची. आधी माझ्या डोक्यात हा कागद शेवटच्या ट्विस्टसाठी राखून ठेवलेला होता! तो तेराव्या पानावर आणल्यावर एकदम कळलं की मी इतके दिवस बाईला विनाकारण संशयाच्या सुईखाली उभं करत होते, माझी मीच. आता बाईला वाटतं की आईला सगळं माहीत आहे, त्यामुळे ती तिला फोन करत नाही. आईने मात्र ती सही घटस्फोटाच्या वेळच्या कागदांच्या गठ्ठ्यात न वाचता केलेली. तिला काहीच माहीत नाही.

दोन_घरं, तू-तुम्ही न वापरता बोलणं मी सगळ्या संवादांना लावून पाहिलं. पहिल्या शंभर पानांत मुलगी बाईला एकदाही तू किंवा तुम्ही म्हणत नाही. लिहायला अवघड गेलं पण वाचताना घरातली हवाच बदलली. आणि माझ्या लक्षात आलं की आमच्या घरीसुद्धा पहिली दोन वर्षं असंच होतं, मला तेव्हा वाटायचं पोरगा कमी बोलतो. काल त्याला हे सांगितलं नाही, पण तो दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी लगेच वर बघितलं.

वडील परत येणार की नाही ते मी ठरवलंय पण इथे फोडत नाही. चेंबरचा प्रसंग नक्की घेणार, नदीकाठ. "घरची" हा शब्द वापरला तर चालेल का?

दोन_घरं, एक विचारू? वैयक्तिक वाटलं तर नका सांगू. तीन वर्षं हाक मारली नाही म्हणालात, मग पहिल्यांदा कधी मारलीत?

नदीकाठ

जरूर वापरा. त्या बाईंची ओळख पटेल असं बाकी काही घालू नका म्हणजे झालं. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

दोन_घरं

चालेल की, सांगते.

तिला मारलीच नाही पहिल्यांदा. चौदाची होते, फोनवर मैत्रिणीशी बोलत होते, ती म्हणाली शनिवारी येशील का राहायला, आणि मी म्हटलं थांब, आईला विचारून सांगते. म्हणून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं की मी कोणाबद्दल बोलले. माझी आई तर तेव्हा दुसऱ्या गावात होती, तिला शनिवारचं विचारायचा प्रश्नच नव्हता. मैत्रिणीला काही वाटलं नाही, ती पुढचं बोलायला लागली.

बाजूला बेसिनचा नळ चालू होता, ती काहीतरी धूत होती. तो नळ बंद झाला. बराच वेळ बंद होता. मी फोन कानाला लावून तशीच उभी, मैत्रीण काय बोलतेय ते ऐकूच येत नव्हतं. मग नळ पुन्हा चालू झाला.

मी जाऊन दारात उभी राहिले आणि विचारलं, शनिवारी गेलं तर चालेल का? ती पाठमोरीच म्हणाली, चालेल, चार्जर घेऊन जा.